आमीन होईस्तोवर

आन वरून मलाच म्हनत्यात! 'बायनाबाई, प्रार्थनेच्या टायमाला डोळे मिटत जा, बरं दिसत न्हाई.' आवो, बरं दिसत न्हाई हे तुमाला दिसलं कसं? तुमचे बी उघडेच व्हते की!

तुमाला सांगते बायांनो, ह्या परभनीच्या मोठ्या चर्चात मी पयल्यांदा उभी ऱ्हायले. साक्ष सांगा म्हनालात, सांगते, पर मधी कुनी टोकू नका, मी एकदा थांबले की मला परत सुरू होता येत न्हाई. तुमचं इथं बाक हायेत, पंखा हाय. आमचं ताडकळसच्या पल्याड खेडं. तिथं चर्च म्हंजी आमच्याच घरची पुढली खोली, शेनानं सारवलेली. भिंतीवर लाकडाचा क्रूस, आन क्रूसाच्या खाली ज्वारीची कनगी. तिथं डोळे मिटले की कोंबडी कनगीवर, लेकरू चुलीत, दूध उतू! कुनी तरी डोळे उघडे ठेवाया पायजेत का न्हाई? तुमीच सांगा!

आन त्यात आमचे मामंजी. माझे सासरे वो, सूर्यभान. बाप्तिस्म्याला त्यांचं नाव सायमन ठेवलेलं, पर ते पाळकसाहेबाशिवाय कुनाच्या जिभेवर बसलंच न्हाई. पाळकसाहेब यायचे यष्टीनं, कधीमधी, रस्ता बरा असला तर. बाकीचे रविवार मामंजीचे. आन मामंजीची प्रार्थना... अगं बाई! दळन होईल, भाकरी होतील, पर आमीन न्हाई! का? तर सगळं गाव त्या प्रार्थनेत. 'हे दयाळू बापा, मुंजाजीच्या बैलाचा खांदा सुजलाय, त्याला आराम दे.' मुंजाजी कोन? वरच्या आळीतला, आमाला ओट्याला हात लावू देत न्हाई तो! 'हे बापा, किशनरावच्या लेकीला दिवस गेलेत, तिला सुखरूप मोकळी कर. दत्तरावच्या आईला, नर्मदाबाईला, दमा लय बेजार करायलाय, तिला श्वास दे.' मी म्हनायची, 'मामंजी, ती नर्मदाबाई मला पानी वरून ओंजळीत वतते, अन् शिंतोडा उडाला की मागं सरते. तिच्या दम्याची फिकीर आपुन काहून करायची?' तर म्हातारा हसून म्हनायचा, 'बायना, शेजाऱ्यावर प्रीती कर असं म्हनलंय. शेजारी कसला पायजे ते न्हाई म्हनलं.' घ्या! काय बोलता आता?

खरा शेजार आमचा कमलबाईचा. भिंतीला भिंत. ते बौद्ध, आमी किरिस्ताव, पर आळी येक आन रगत बी येकच. तिच्या नवऱ्याचा आजा आन आमचा आजा सख्खे भाऊ. तिच्या भिंतीवर बुद्धाची आन बाबासाहेबाची तसबीर, आमच्या भिंतीवर क्रूस, मधी मातीची भिंत. त्या भिंतीला येक भोसका. त्यातून चुलीचा इस्तू जायचा, कालवन जायचं, भांडन बी जायचं. तिची सासू कोंडाबाई, आमी कोंडाआत्या म्हनायचो, कंबरंत वाकलेली, काठी टेकत यायची रविवारी आन दारात बसायची. म्हनायची, 'सूर्यभाना, तुझ्या देवाला माझं बी नाव सांग बाबा. पर मला पान्यात बुडवू नगं, मला सर्दी होती!'

मंग ते साल आलं. अठ्ठ्याहत्तरचा पावसाळा. मुंबईत ठरलं म्हनं, औरंगाबादच्या इद्यापीठाला बाबासाहेबाचं नाव द्यायचं. आळीत गूळ वाटला. कमलनं भोसक्यातून मला बी दिला. तो गूळ तोंडात इरघळायच्या आत आजूबाजूच्या गावांवर धूर दिसाया लागला. आवो, इद्यापीठ औरंगाबादला! आमच्या गावातलं येक पोरगं तिथं शिकाया गेलं न्हाई, जाळनाऱ्याचं न्हाई आन जळनाऱ्याचं बी न्हाई! नाव तिथं बदलायचं आन घरं इथं पेटवायची, ही कुठली अक्कल म्हनावं?

रविवार व्हता. सकाळचं ऊन. आमचे मालक पूर्णेला, रेल्वेच्या गँगवर. आळीतले गडी ज्वारीच्या रानात लपलेले, कारन धरलं तर आधी त्यास्नी धरतील. बायालेकरांना कोन काय करतंय म्हनून बाया घरी. आमची उपासना चालू. मामंजीचं 'हे दयाळू बापा' नुकतं झालेलं, मुंजाजीचा बैल यायचाच व्हता, तेवढ्यात कमल दोन लेकरं काखेत मारून आत! मागून आळीतल्या समद्या बाया. 'बायना, आले गं, आले!' खोली गच्च भरली. येक लेकरू तर कनगीत. मी म्हनलं, 'कोंडाआत्या?' कमल म्हनली, 'यायल्यात मागून, काठी घेऊन.' मी दारात जाऊन बघते... आत्या न्हाई. मानसं. कुऱ्हाडी, टेंभे, राकेलचा डबा. दिवसाढवळ्या! तोंडं बी झाकलेली न्हाईत! आपलीच वळखीची तोंडं, बाजारात 'काय बायना' म्हननारी.

आन मामंजी? हात वर, डोळे मिटलेले! कुनी तरी डोळे उघडे ठेवाया पायजेत का न्हाई?

पुढं दत्तराव. म्हनला, 'ए सूर्यभान! तुमी किरिस्ताव. तुमचं आमचं काय भांडन न्हाई. तुमी बाजूला सरा, बाकीच्यास्नी भायेर काढा.' मी दारात उभी, हातात उलथनं. उलथन्यानं काय व्हनार? तोंडातून काय निघावं, तर 'मामंजी प्रार्थनेत हायेत, आमीन होऊ द्या.' आन तुमाला सांगते, खोटं वाटंल, तो टेंभा घेऊन उभा असलेला बाप्या मला इचारतो, 'किती टाइम लागंल?'

आवो, मी लगीन होऊन आले तवापासून हेच इचारायले! मला कुठं ठावं?

मामंजीनं आईकलं असंल. डोळे न्हाई उघडले. आवाज तेवढा वाढवला. 'हे दयाळू बापा, आमच्या दाराशी दत्तराव आलाय. त्याच्या आईला रात बसून काढावी लागती, झोपली की श्वास कोंडतो, तिला श्वास दे. त्याच्या मागं किशनराव उभा असंल. त्याच्या लेकीला नववा लागलाय, बापा, तिला आन तिच्या लेकराला सांभाळ. मुंजाजी आला असंल तर त्याचा बैल...' आन मागून मुंजाजीचा आवाज, 'बैल बरा हाय आता.' मानूस बोलून गेला वो! मागच्यानं त्याला ढोसलं, 'गप की लेका!'

कुनी हसलं न्हाई. आमी आत, ते भायेर, आन मधी म्हाताऱ्याची प्रार्थना चाललेली, येकेकाचं नाव घेऊन, येकेकाच्या घरातलं दुखनं काढून. किशनरावनं कुऱ्हाड खाली टेकली आन मागं फिरला. त्याच्या मागं आनखी कुनी. दत्तरावच्या टेंभ्यातलं तेल वघळून मनगटावर आलं, हात भाजला, तरी उभा. 'आमीन म्हन ना म्हाताऱ्या!' असा वरडला तो. रडकुंडीला आल्यावानी. पर खोलीत पाय न्हाई टाकला. चालू प्रार्थनेत आत शिरायचं नसतं, हे त्याच्या आईनंच त्याला शिकवलं असंल.

आता तुमी 'हालेलुया' म्हनाया तोंड उघडायले, मला दिसायलंय. थांबा. दम धरा.

ते आमच्या दारातून गेले. घरी न्हाई गेले. दारातून सरले आन पलीकडच्या घराला लागले. आमी आत. कमलच्या घराची लाकडं तडतडायची, ते आमच्या भिंतीतून आईकू येई. त्या भोसक्यातून धूर आत यायला. ज्या भोसक्यातून गूळ आला, त्यातून. कमल तिथं आपला पदर कोंबायली. लेकरांची तोंडं बायांनी छातीत दाबलेली. आन मामंजी थांबले न्हाईत. जळायलंय त्या येकेका घराचं नाव घेऊन मागायले, वाचव, वाचव म्हनून. येक बी वाचलं न्हाई. आमचं तेवढं ऱ्हायलं. समद्या आळीत तेवढं येकच. क्रूस बी ऱ्हायला, कनगी बी ऱ्हायली.

सगळं शांत झाल्यावर कमल आन मी गेलो. कोंडाआत्या घराच्या भायेर निघालीच नव्हती. काठी उंबऱ्यात व्हती, अर्धी जळलेली. आत्या आत, तसबिरी काढाया गेली असंल का काठी हुडकत बसली असंल, कोन सांगनार? मी बायांनो सगळ्या टायमाला डोळे उघडे ठेवनारी. त्या टायमाला मातर मिटले. कमलनं न्हाई मिटले. तिनं सासूच्या अंगावरची माती आपल्या हातानं झाडली.

मंग पोलीस आले, तालुक्याचे साहेब आले. साहेब मला म्हनतो, 'तुमचं घर कसं काय वाचलं वो?' असं इचारतो जनू आमीच राकेल पुरवलं! आळीतला येक गडी रानातून आला, त्यानं बी तेच इचारलं. त्याचं घर राख झालेलं. आन गाव? गावानं आमाला काम बंद केलं. 'तुमी त्यास्नी लपवलं.' गिरनीवाला दळन घेईना. इकडून बी आमी, तिकडून बी आमीच!

पाळकसाहेब आले यष्टी सुरू झाल्यावर. मानूस चांगला, डोळ्यात पानी आलं त्यांच्या. म्हनले, 'सायमनभाऊ, प्रभूनं आपलं उपासनाघर राखलं. चला, उपकारस्तुती करू.' मामंजी उभे ऱ्हायले. हात वर केले. 'हे दयाळू बापा...' म्हनले. आमी वाट बघायलो. लय येळ. मंग हात खाली घेतले आन बसले. पाळकसाहेब म्हनले, 'भाऊ?' तर म्हनले, 'साहेब, आमचं घर राखलं म्हनून उपकार मानू, तर कोंडाच्या घराचं त्याला काय म्हनू? मला शब्द गावंना गेलाय.'

तवापासून गावंनाच. उपासनेला बसत्यात, पाठ ताठ, डोळे मिटून. पर बोलत न्हाईत. जी प्रार्थना कवा सरंल म्हनून आमी बोटं मोडायचो, ती सरली. दत्तरावची आई गेली त्या हिवाळ्यात. तिच्यासाठी कुनी मागितलं का न्हाई, मला ठावं न्हाई. मी मागितलं न्हाई. मला जमलं न्हाई, तुमी काय म्हनायचं ते म्हना.

कमल अजून आमच्याकडंच हाय. तिच्या घराच्या भिंती उभ्या ऱ्हायल्या, छप्पर व्हईना गेलंय. आता पुढल्या खोलीत इकडं क्रूस, तिकडं बुद्धाची नवी तसबीर, मधी तिची चूल. रविवारी आमी गानं म्हनतो, ती लेकरांना गप बसवते. कोंबडी कनगीवर चढली तर तीच हाकलते. ती बिचारी डोळे मिटत न्हाई, म्हनून आता मला मिटता येत्यात कधीकधी.

परवा तांदूळ निवडायलो दोघी. मामंजी आत भिंतीला टेकून बसलेले, तसेच, डोळे मिटून. तिनं त्यांच्याकडं बघितलं, खडा बाजूला टाकला आन मला हळूच इचारलं, 'बायना, खरं सांग, तुझा देव आईकतो का गं?'

मी सूप झटकलं आन म्हनलं, 'आईकतो की बाई. सगळं आईकतो. नुसतं आईकतोच.'