पेंढ्यावर बाळ निजवत नाहीत

बाळ कुणी उचललं ते मला माहीत आहे, पण मी नाव घेणार नाही. ज्या माणसाने उचललं त्याच्या हातची भाकरी मला रोज दोन वेळा खायची असते, म्हणून घेत नाही, नाहीतर चौकात उभी राहून घेतलं असतं. पण तुम्हीच विचार करा, नाताळचा दिवस, सकाळचे अकरा, पाहुण्यांची गाडी दाराशी लागतेय, आणि मी शेवटची नजर टाकावी म्हणून गोठ्याकडे बघते तर मरिया आहे, योसेफ आहे, तीन मेंढ्या आहेत, एक बैल आहे, आणि मधे पेंढ्यावर... काही नाही. खळगा. बाळाच्या आकाराचा खळगा. अहो, ज्याचा वाढदिवस तोच गायब!

थांबा, तुम्हाला आधीचं काहीच माहीत नाही. सांगते. मी मृणाली, राहायला पूर्ण्याला, आपल्या भिवंडीच्या पूर्ण्याला, जिथे आजोबांच्या वेळी भातशेती होती आणि आता जिकडे बघाल तिकडे गोदामं. मी समाजशास्त्रात एम.ए. केलं, समाज बदलायचा म्हणून, आणि नोकरी लागली कुठे, तर राहनाळच्या एका गोदामात, खोक्यांवरची लेबलं तपासायला. नोव्हेंबर संपला की आमच्याकडे नाताळ येतो तो खोक्यांतून येतो. प्लास्टिकचं झाड खोक्यात, प्लास्टिकचा तारा खोक्यात, प्लास्टिकचा बर्फसुद्धा खोक्यात. बर्फ कशाला हो भिवंडीत? इथे डिसेंबरात दुपारी पंखा लावावा लागतो. दिवसभर लोकांचा नाताळ टेपने बंद करून ट्रकमध्ये चढवायचा, आणि घरी यायचं तर घरात आमची रूपा वहिनी, जिचा हा खरा सण, ती गप्प बसून लसूण सोलतेय.

रूपा वहिनी वसईची. डाबऱ्यांची. आमच्या भाविकदादाने दोन वर्षांपूर्वी तिच्याशी कोर्टात लग्न केलं, तेव्हा तिचे वडील, पास्कूकाका, एकच वाक्य बोलले होते, "पोरगी तुमच्याकडे चालली, जाऊ दे, पण तुमच्या घरात तिचा नाताळ नाय राहणार." आणि तेव्हापासून त्यांनी आमच्या उंबऱ्यावर पाय ठेवलेला नाही. दर रविवारी फोन करतात. "जेवलीस?" "जेवले." "बरं." झाला फोन. वहिनी फोन ठेवते आणि दहा मिनिटं ओटाच पुसत राहते, पुसलेलाच ओटा पुन्हा पुसते, आणि आम्ही सगळे टीव्हीकडे बघतो. मला हे असलं सहन होत नाही. मी सरळ काकांना फोन लावला. म्हटलं, काका, यंदा नाताळ आमच्याकडे आहे, जेवायला या. पलीकडून एकच प्रश्न आला, "गोठा आहे?" म्हटलं, आहे. "बघू," म्हणाले.

वहिनीला सांगितलं तर तिचा चेहराच उतरला. म्हणाली, "मृणाली, पप्पांना गोठा पटला तर ते बसतील. नाही पटला तर उभ्यानेच पाणी पितील आणि निघतील. मी ओळखते त्यांना." म्हणजे बघा, सगळं कशावर आलं? एका गोठ्यावर.

मग मी घरातल्या सगळ्यांना बसवलं आणि सांगितलं, एकही वस्तू खोक्यातून येणार नाही. मी एवढंच म्हटलं होतं, की सगळं घरचं करू. यात काही चूक आहे का?

पहिले बाबा. पंढरीशेठ. त्यांच्या एका गाळ्यात भाड्याने असलेला माणूस त्यांना सात फुटी झाड द्यायला निघालेला, खोकं एका बाजूने फाटलं म्हणून. "अगं, फुकट हाय, फुकट. झाडाला काय झालंय? खोकं फाटलंय." मी म्हटलं बाबा, तत्त्वाचा प्रश्न आहे. मी पलीकडच्या लूमवरून सुताचे रिकामे पुठ्ठ्याचे कोन आणले, हिरवे रंगवले, खाली रुंद वर निमुळते असे एकावर एक चिकटवून झाड उभं केलं, किती सुंदर, भिवंडीचं स्वतःचं झाड. बाबांनी चारी बाजूंनी फिरून पाहिलं. "लूमवाला हे कचऱ्यात टाकतो ना?" "हो." "आणि तू ते उचलून घरात आणलंस." "हो बाबा." "एम.ए. करून." आणि संध्याकाळी येऊन बघते तर झाडावर गणपतीतली लायटिंग गुंडाळलेली, ती लुकलुकणारी, मधेच आरतीची चाल वाजवणारी. काढायला गेले तर म्हणाले, "राहू दे गो, घरचीच हाय."

मग केक. ओव्हन नाही, म्हणून कुकरमध्ये मीठ घालून, शिट्टी काढून, वहिनीच्या आईच्या पद्धतीने. वहिनीची आई आता नाही, पण पद्धत वहिनीच्या वहीत आहे. वहीत स्पष्ट लिहिलंय, पाऊण तास झाकण उघडू नये. आमच्या आईने पाऊण तासात सहा वेळा उघडलं. "भात तरी न बघता शिजतो काय?" केक बसला. असा बसला की सुरीने कापताना खालची ताटली कापली जाईल असं वाटलं. आईने तुकडा तोंडात टाकला आणि म्हणाली, "चांगला हाय. भाकरीवानी झालाय." ही तिच्याकडून स्तुती असते. मी म्हटलं ना, सगळं घरचं.

पण गोठा, गोठ्याला मात्र मी कुणाला हात लावू दिला नाही. आमचं एकच भाताचं खाचर उरलंय, दोन गोदामांच्या मधे, त्यातला पेंढा. त्याच खाचरातली माती. आठ दिवस कामावरून आल्यावर मी मूर्ती करत होते. मरिया बरी झाली. योसेफ थोडा बाबांसारखा झाला. बैल उत्तम झाला, आमच्या रक्तातच आहे तो. आणि बाळ... बाळ माझ्याकडून तीनदा मोडलं, चौथ्यांदा जमलं, वीतभर, गोल, सावळं, एक डोळा जरा वर. बाबा म्हणाले, "बटाटा हाय का हा?" वहिनीने मात्र हातात घेतलं आणि कितीतरी वेळ त्याचे पाय बघत राहिली. म्हणाली, "आमच्या बाळाच्या उजव्या पायाला अंगठा नाही." म्हटलं, कुठल्या बाळाच्या? तर म्हणाली, "वसईच्या घरातल्या. आजीच्या वेळचं आहे, प्लास्टरचं. मी दोन वर्षांची असताना अंगठा चावून खाल्ला." आणि हसली. लग्न झाल्यापासून ती नाताळबद्दल बोलून हसलेली मी पहिल्यांदा पाहिली.

तर चोवीसच्या रात्री तिने स्वतःच्या हाताने बाळ पेंढ्यावर ठेवलं, तशी त्यांच्यात रीत असते, त्याआधी ठेवत नाहीत, आणि सकाळी ती आणि दादा चर्चला गेले, तिथेच पास्कूकाका भेटणार आणि त्यांना घेऊनच घरी येणार. मी केर काढला, अंघोळीला गेले. फक्त अंघोळीला हो. पंधरा मिनिटं.

त्याच्या आधी आईची कुरकुर सुरू होतीच म्हणा. गोठ्यासमोर उभी राहून, कमरेवर हात. "हे काय गो? थंडीच्या दिवसांत एवढंसं पोर उघडं?" म्हटलं आई, गोष्टच तशी आहे, जागा मिळाली नाही म्हणून गोठ्यात. "त्यांना न्हाय मिळाली. आपल्या घरात जागा न्हाय काय?" म्हटलं आई, हे प्रतीक आहे. "प्रतीक असो न्हायतर कोण असो, पेंढ्यावर बाळ निजवत न्हाय. अंगाला पुरळ येतं." पुरळ! मातीच्या बाळाला! आणि मरियेसमोर वाटीत काय, तर डिंकाचा लाडू. "बाळंतीण हाय ना ती. कुणी विचारलं काय तिला?" मी लाडू उचलला, तिने पुन्हा ठेवला. असा तो लाडू चार वेळा गेला आणि आला.

तर अंघोळ करून येते आणि खळगा.

मी बाहेरच्या खोलीतल्या पलंगाखाली बघतेय, मेंढ्यांच्या मागे बघतेय, बाबांना विचारतेय, बाबा वर्तमानपत्राच्या आडून म्हणतात, "मी बटाट्याला हात लावला न्हाय." आणि दार वाजलं. वहिनी, दादा, आणि त्यांच्या मागे पास्कूकाका. उंच माणूस, इस्त्रीचा पांढरा सदरा, आणि काखेत... खोकं. बुटांचं जुनं खोकं, दोरी बांधलेलं. मी एक महिना घरात खोकं येऊ दिलं नव्हतं, आणि आलं ते व्याह्यांच्या काखेतून.

"बसा ना काका." बसले नाहीत. पाणी आणलं. उभ्यानेच प्यायले. वहिनीने माझ्याकडे पाहिलं. काका सरळ गोठ्याकडे गेले. झाड पाहिलं, झाडाने तेवढ्यात आरतीची चाल वाजवली. पेंढा दोन बोटांनी दाबून पाहिला. बैलाला हात लावला. लाडू पाहिला. मग खळगा पाहिला. आणि बघतच राहिले. वहिनीनेही पाहिलं, आणि तिचा हात तोंडावर गेला.

मी तोंड उघडलं, की काका, त्याचं असं झालं... पण मला काही सुचण्याआधी तेच हळूच म्हणाले, "जागा ठेवली माझ्यासाठी?"

आता मला सांगा, मी काय म्हणायला हवं होतं? मी आयुष्यात खोटं बोलत नाही, त्यावरून माझी कॉलेजात किती भांडणं झालीत. पण मी म्हटलं, "हो काका."

त्यांनी दोरी सोडली. झाकण उघडलं. आत कापूस, आणि कापसात बाळ. गोरंगोमटं, गालावरचा रंग उडालेला, उजव्या पायाला अंगठा नाही. वहिनी म्हणाली, "पप्पा..." काका गोठ्याकडे बघत म्हणाले, "मला वाटलेलं, तुमच्याकडे बाळ नसणार. म्हणून आणलं." आणि ते वाकले, बाळ पेंढ्यावर ठेवायला, सगळं घर श्वास रोखून उभं, माझं खोटं पचणार, काका बसणार, जेवणार... आणि आतल्या खोलीतून पाळणागीत सुरू झालं.

चार बायकांच्या आवाजात. जो बाळा जो जो रे जो.

काका वाकलेले तसेच थांबले. पडदा बाजूला झाला आणि आई बाहेर आली, डोक्यावर पदर, हातात दुपटं. मागे दिसतोय काय, तर भाविकदादाचा लहानपणीचा सागवानी पाळणा, माझ्या नकळत कधीतरी माळ्यावरून काढलेला, घासूनपुसून तेल लावलेला, त्यात माझं मातीचं बाळ, दुपट्यात गुंडाळलेलं, गालाला तीट, कपाळाला काजळ, आणि मागच्या दाराने आलेल्या शेजारच्या तीन बायका दोरी ओढतायत. सगळी आळी बोलावलेली. "आमच्याकडे बाळ आलंय, बघायला या," एवढंच सांगितलेलं, कुठलं बाळ, कुणाचं बाळ, काही नाही. मला जमिनीने गिळावं असं झालं. मी एवढंच म्हटलं होतं हो, की सगळं घरचं करू. मी बारसं करू असं कधी म्हटलं?

आईने काकांच्या हातातलं बाळ पाहिलं. खालचा पेंढा पाहिला. आणि दोन वर्षांत पहिल्यांदा भेटणाऱ्या व्याह्याला, नमस्कार नाही, या बसा नाही, ती काय म्हणते, "इथं कुठं ठेवताय त्याला? आत द्या."

मी डोळे मिटले. मनात म्हटलं, संपलं. हा माणूस आता खोकं बांधणार, वहिनी पुढची वीस वर्षं ओटा पुसणार. मग काकांचा आवाज आला.

"दुपटं जाड आहे ना?"

"दुहेरी हाय," आई म्हणाली. "हात लावून बघा."

त्यांनी हात लावून पाहिलं. मग म्हणाले, "चालेल," आणि बाळ तिच्या हातात दिलं. आईने ते खांद्याशी धरलं, पाठीवर थोपटलं, अहो खरंच थोपटलं, आणि पाय झाकताना थबकली. "अगो बाय, याचा अंगठा कुठं गेला?" वहिनी रडता रडता म्हणाली, "मी खाल्ला, आई." "खायला देत नव्हते काय तुला घरात?" आई म्हणाली, आणि काका हसले. इतके हसले की त्यांना टेकायला खुर्ची लागली. आणि अशा रीतीने, आठ दिवस मी जो गोठा केला, त्याच्याकडे पाठ करून ते बसले.

जेवले. वडे खाल्ले, मटण खाल्लं, केकसुद्धा खाल्ला, आणि केक खाऊन म्हणाले, "हिच्या आईचा पण असाच बसायचा. सारखं झाकण उघडायची." मग आई आणि ते, दोघं मिळून, पाचवी कधी आणि बारावा दिवस कधी याचा हिशोब घालत बसले, आणि काका म्हणाले आमच्यातसुद्धा सण बारा दिवस असतो, आणि आई म्हणाली, "असणारच, बाळ आलंय तर एका दिवसात आटपतं काय?" मी म्हटलं आई, दोन्हींचा अर्थ वेगळा आहे, संदर्भ वेगळा आहे... "तू भाकऱ्या वाढ," आई म्हणाली.

मी वाढल्या. काय करणार? माझ्या गोठ्यात मरिया आणि योसेफ रिकाम्या पेंढ्याकडे बघत बसलेले, समोर डिंकाचा लाडू, झाड आरती वाजवतंय, आणि आत पाळण्यात दोन येशू, एक माझा सावळा, एक वसईचा गोरा, एकाच दुहेरी दुपट्याखाली. मी ठरवलं, आता काही बोलायचं नाही.

तेवढ्यात कौसल्यामावशी आल्या, मागच्या आळीत राहतात, शिवणकाम करतात, आईचा निरोप मिळाला म्हणून हातात काहीतरी घेऊन धापा टाकत आल्या. सरळ आत गेल्या. दुपट्याचं टोक उचललं. एकदा या बाजूला पाहिलं, एकदा त्या बाजूला पाहिलं, आणि आईकडे वळून म्हणाल्या, "कमळ, जुळं हाय तर आधी सांगायचं गो. मी टोपरं एकच शिवलंय."