बेकल्सबाईंना पाठवलेली कार्डं

ग्लेंडा : त्या खुर्चीवर नको हो, तिचा पाय हलतो. इकडे बसा. नेव्हिल मागे परसात आहे, रुबार्बचे आंबट देठ काढतोय, हाक मारलीय मी. पण हे... हे अक्षर त्याचंच. 'नाताळच्या शुभेच्छा. एन. एन्टविसल.' दर वर्षी एवढंच?

कार्लटन : दर वर्षी एवढंच. अठ्ठावीस कार्डं आहेत. आईच्या शिवणाच्या डब्यात सापडली. मागच्या सोमवारी ती गेली.

ग्लेंडा : अरेरे. कशानं?

कार्लटन : हृदय. एक्क्याऐंशीची होती, झोपेतच गेली. मिसेस एन्टविसल, मी कोण ते कळलंय ना तुम्हाला?

ग्लेंडा : दार उघडलं तेव्हाच कळलं. कार्लटन बेकल्स, ब्रॅमवर्थच्या फुटबॉल संघाचा नऊ नंबर. त्या दिवशी मी स्टँडमध्येच होते, धाकटी मुलगी मांडीवर होती. तो आवाज अजून... जाऊ दे. पण भांडायला आला असाल तर आधीच सांगते. तुमचा पाय मोडला तो अपघात होता. चिखल होता, याचा पाय घसरला. जन्मभर हेच सांगत आलेय मी. बेकरीच्या रांगेत एका बाईनं याला कसाई म्हटलं, तर पाव फेकला होता मी तिच्या अंगावर.

कार्लटन : लागला?

ग्लेंडा : कुठला! मागच्या म्हाताऱ्याला लागला.

(मागचं दार उघडतं.)

नेव्हिल : ग्लेंडा, हे बघ, काय देठ आलेत यंदा... तुम्ही?

कार्लटन : 'तुम्ही'? मैदानात 'तुम्ही' म्हणाला नव्हतास.

नेव्हिल : मैदानात मी काहीच म्हणालो नव्हतो.

कार्लटन : खरंय. आई गेली, नेव्हिल.

ग्लेंडा : अरे, बस. नेव्ह, खाली बस आधी. ते देठ दे इकडे.

नेव्हिल : ईस्टरला फोनवर बोलल्या माझ्याशी. पन्हळ तुंबलीय म्हणाल्या, पाणी भिंतीवरून उतरतंय, ये. मी म्हटलं, आठवडाभरात येतो. मग राहूनच गेलं.

कार्लटन : म्हणजे पन्हळ तू साफ करायचास?

नेव्हिल : शिडीवर चढू नका असं सांगितलं होतं त्यांना. ऐकतील तर शपथ.

कार्लटन : आणि स्वयंपाकघराचा पिवळा रंग?

नेव्हिल : दोनदा दिला. पहिला पिवळा आवडला नाही. म्हणाल्या, हा आजारी माणसाचा पिवळा आहे, मला आमच्या बार्बाडोसचा पाहिजे. मी कुठे बघितलंय बार्बाडोस? चार डबे आणले, तेव्हा एक पसंत पडला.

कार्लटन : मला म्हणाली, चर्चमधला एक माणूस येतो. मोठा आहे, मुका आहे, पण कामाला बरा.

ग्लेंडा : हा तर तूच! नेव्हिल, हे सगळं कधी करायचास तू?

नेव्हिल : बुधवारी.

ग्लेंडा : बुधवारी तू मासे पकडायला जायचास.

नेव्हिल : हं.

ग्लेंडा : तरीच. इतक्या वर्षांत एक मासा घरात आला नाही. मी म्हणायचे, जाऊ दे, बिचाऱ्याला जमत नाही.

कार्लटन : सुरुवात कशी झाली ते सांग. मी लीड्सहून तेवढ्यासाठी आलोय. तेवढ्यासाठी आणि आणखी एका कामासाठी, पण आधी हे.

नेव्हिल : तू इथल्याच हॉस्पिटलात होतास, ऑर्मिंग्टनला. अकरा आठवडे.

कार्लटन : तीन ऑपरेशनं. मला माहीत आहे, मी होतो तिथे.

नेव्हिल : पहिल्याच बुधवारी आलो. बुधवारी आम्हाला सराव नसायचा. तू नर्सला सांगून ठेवलं होतंस, तो माणूस आत आला तर खिडकीतून उडी मारीन.

कार्लटन : तळमजला होता. पण हो, म्हणालो होतो.

नेव्हिल : मग मी बाहेर बाकावर बसलो. शेजारी तुझी आई. दोन बस बदलून यायच्या, मांडीवर डबा. मला वाटलं, ओळखलं नसेल. अर्ध्या तासानं म्हणाल्या, 'तो झोपलाय. भात गार होतोय. खा.' आणि चमचा हातात दिला.

कार्लटन : माझा भात!

नेव्हिल : तुझाच. आत माशाचा तुकडा होता, आणि तिखट असं की डोळ्यांतून पाणी. त्या म्हणाल्या, आता रड, कुणी विचारणार नाही.

ग्लेंडा : अगं बाई.

नेव्हिल : संध्याकाळी गाडीनं त्यांना घरी सोडलं. मग दर बुधवारी. वाटेत बोलायच्या नाहीत. उतरताना काम सांगायच्या. कपाट सरकव, कुंपण छाट. तू घरी आल्यावर मला बंदी. तू लीड्सला गेलास, तेव्हा परत फोन आला. बल्ब बदलायचाय.

कार्लटन : माफ केलं तिनं तुला?

नेव्हिल : तसं कधी म्हणाल्या नाहीत. मीही विचारलं नाही.

कार्लटन : बरं. आता मी विचारतो. शांतपणे विचारतो. गाडी शिकवतो मी, शांत राहणं हाच माझा धंदा आहे. पोरं गाडी भिंतीवर घालतात, तरी मी म्हणतो, छान, आता मागे घे. तेव्हा खरं सांग. पाय घसरला होता?

ग्लेंडा : मी सांगितलं ना तुम्हाला, चिखल...

नेव्हिल : ग्लेंडा, थांब.

ग्लेंडा : काय थांब? अख्ख्या गावानं बघितलं.

नेव्हिल : पाय घसरला नाही.

ग्लेंडा : नेव्ह!

नेव्हिल : सांगू दे मला. मला सलग बोलता येत नाही, मध्ये बोललीस तर राहून जाईल. सतराव्या वर्षी या क्लबात आलो मी, मोठ्यांचे बूट घासायला. खेळाडू म्हणून बेताचाच. वेग नव्हता. उंची होती आणि हट्ट होता. चौदा वर्षं चौथ्या डिव्हिजनमध्ये बॅक म्हणून उभा राहिलो. तीनदा नाक मोडलं, तरी पुढच्या शनिवारी हजर. आणि त्या दिवशी तू आलास. एकवीस वर्षांचा. दोनदा माझ्या दोन पायांमधून चेंडू काढून गेलास. दुसऱ्या वेळी सगळा स्टँड हसला. आमचाच स्टँड. माझे वडील तिथे होते, तेही हसले. मी बघितलं.

कार्लटन : वरच्या डिव्हिजनचा माणूस मला बघायला आला होता त्या दिवशी. म्हणून जरा नाचलो मी.

नेव्हिल : छान नाचलास. मध्यांतरात मॅनेजर म्हणाला, त्या पोराला कुणीतरी गप्प करा. नाव माझं घेतलं नाही, बघत मात्र माझ्याकडे होता. जूनमध्ये माझा करार संपत होता, घरी दोन लहान मुली. पण हे कारण म्हणून सांगत नाही. मग तू परत आलास, डावीकडून. चेंडू तू पुढे ढकललास आणि मला कळलं, हा मला मिळणार नाही. अर्धा सेकंद होता. त्या अर्ध्या सेकंदात सगळं स्वच्छ कळलं. पाय थांबवता आला असता. मी थांबवला नाही.

कार्लटन : मोडायचा होता?

नेव्हिल : मोडायचा नव्हता. दुखवायचं होतं. लोळावास, ओरडावास, एवढं हवं होतं. ते मिळालं. पंचानं पिवळं कार्ड दाखवलं. मॅनेजरनं आणखी दोन वर्षांचा करार दिला.

कार्लटन : आईला हे माहीत होतं?

नेव्हिल : दुसऱ्याच बुधवारी गाडीत विचारलं त्यांनी. सांगितलं. गाडी थांबव म्हणाल्या. उतरल्या, पावसात दोन मैल चालत घरी गेल्या. मी गाडी हळूहळू मागून नेत होतो. दाराशी वळून म्हणाल्या, 'पुढच्या बुधवारी वेळेवर ये.'

ग्लेंडा : आणि मला? मला नाही सांगितलंस?

नेव्हिल : तू पाव फेकून आलीस त्या दिवशी सांगणार होतो. तू इतकी लाल झाली होतीस, माझ्यासाठी. मग धीरच झाला नाही.

ग्लेंडा : अठ्ठावीस वर्षं. शेजारी, शाळेत, तुझ्या आईसमोर. चिखल, चिखल, चिखल. मुलींनाही तेच शिकवलं मी.

नेव्हिल : माहीत आहे.

ग्लेंडा : मी चहा ठेवते. माझ्याशी बोलू नकोस.

कार्लटन : आणि खेळ? दोन वर्षांचा करार तर मिळाला होता तुला.

नेव्हिल : खेळ त्या दिवशीच संपला. पाय पुढे टाकायची वेळ आली की तुझा पाय दिसायचा, मी आपला पाय मागे घ्यायचो. बॅकनं पाय मागे घेतला की झालं. समोरचा गोल करून जायचा. लोक 'आजीबाई' म्हणून ओरडायचे. तिसऱ्या महिन्यात राखीव संघात. करार संपल्यावर लीगच्या बाहेर, दिवसा बिस्किटांच्या कारखान्यात आणि शनिवारी कुठल्या तरी गावात. शेवटच्या सामन्याला दोनशे माणसंही नव्हती. उंच चेंडू मात्र शेवटपर्यंत डोक्यानं काढला. त्यात कुणाला लागत नाही.

कार्लटन : मला वाटायचं, तू मजेत असशील.

नेव्हिल : वाईट नव्हतो. मुली होत्या, ग्लेंडा होती. तुझ्याइतकं काही गेलं नाही माझं.

कार्लटन : मला काय छळायचं, सांगू? पाय नाही. पायाची सवय होते. सगळे म्हणायचे, अपघात. डॉक्टर, पंच, वर्तमानपत्र, माझी बायको. मी एकटा म्हणायचो, नाही, मी त्याचे डोळे बघितलेत. मग ते एकमेकांकडे बघायचे. बिचारा, कडवट झालाय. शेवटी मलाही तसंच वाटायला लागलं. की हे मीच रचलंय, कुणालातरी दोष द्यायला. नेव्हिल, मी वेडा नव्हतो.

नेव्हिल : नव्हतास.

कार्लटन : परत म्हण.

नेव्हिल : तू बरोबर बघितलंस, कार्लटन. मी मुद्दाम मारलं. माझं चुकलं. हे तुझ्यासमोर तेव्हाच म्हणायला हवं होतं, खिडकीतून उडी मारलीस तरी.

कार्लटन : तळमजला होता रे. गुलाबाच्या झुडपात पडलो असतो फार तर.

ग्लेंडा : हा घ्या चहा. साखर? आणि डोळे पुसायला हा टॉवेल, स्वच्छ आहे. हसताय की रडताय तुम्ही?

कार्लटन : कळत नाहीये, मिसेस एन्टविसल. साखर दोन.

ग्लेंडा : आणि ते दुसरं काम काय म्हणाला होतात?

कार्लटन : हो, ते. आईनं स्वतःच्या अंत्यविधीचं सगळं लिहून ठेवलंय. कुठली भजनं, कुणाला जेवायला बोलवायचं, कुणाला अजिबात नाही. आणि शवपेटीला खांदा कुणी द्यायचा, ती सहा नावं. मी, माझा भाऊ, मामाचे दोन मुलगे, चर्चचा एक जण. सहावं नाव वाचून भाऊ म्हणाला, हा इथे कसा? मग मी डबा उपसला आणि कार्डं निघाली.

नेव्हिल : माझं नाव?

कार्लटन : 'नेव्हिल एन्टविसल, ऑर्मिंग्टन. कार्लटनच्या शेजारी.' अधोरेखित. दोनदा.

नेव्हिल : तुझा भाऊ काय म्हणतोय?

कार्लटन : नाही म्हणतोय. मीही काल रात्रीपर्यंत नाहीच म्हणत होतो. सकाळी गाडी काढली, म्हटलं, आधी विचारू. हा खोटं बोलला तर कार्डं टेबलावर टाकायची आणि निघायचं.

नेव्हिल : आणि आता?

कार्लटन : शुक्रवारी अकरा वाजता. ब्रॅमवर्थचं मेथडिस्ट चर्च. माहीत असेल तुला, छप्पर तूच केलंय की काय कोण जाणे.

नेव्हिल : फक्त मागचं दार.

कार्लटन : माझ्या डाव्या बाजूला राहा. दाराशी चार पायऱ्या आहेत, त्या मला जड जातात. भावाला मी समजावीन. निघतो आता. चहा चांगला होता, मिसेस एन्टविसल.

ग्लेंडा : ग्लेंडा म्हणा. आणि हा रुबार्ब घेऊन जा, इतका कोण खाणार इथे.

...

नेव्हिल : गेला. ग्लेंडा, मी तुला...

ग्लेंडा : आज नको.

नेव्हिल : उद्या?

ग्लेंडा : उद्याचं उद्या बघू. मुलींना तू सांगायचंस, मी नाही सांगणार. बेकरीतल्या त्या बाईकडेही जायचं आहे मला, जिवंत असली तर.

नेव्हिल : मी येतो बरोबर.

ग्लेंडा : माझी मी जाईन. वर जा आणि तुझा काळा कोट काढून आण.

नेव्हिल : आत्ता?

ग्लेंडा : काखेत उसवलाय तो. खांदा देताना हात वर जाईल, सगळ्यांना दिसेल.