शेठची टोपी

तुम्ही हसाल, पण सेलूच्या जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, मी बनवलेलं यंत्र लावलं त्या दिवशी मला घाम फुटला होता. पट्ट्यावरचा कापूस उजेडात तपासायचा, मळ दिसला की लाल दिवा, एवढंच त्याचं काम. पहिली गाडी नामदेवमामांची. दिवा लागला तर भाव पडणार, म्हणून ते कापूस उतरवूच देईनात.

“जिनिंग शेठची, मंग मशीनचा डोळा बी शेठचाच असंल.”

मी दचकून म्हणाले, “मामा, ते माणूस ओळखत नाही हो.”

“असं? शेठ, तुमची टोपी टाका बरं.”

शेठनं हसत आपली पांढरी टोपी पट्ट्यावर ठेवली. लख्खकन लाल दिवा लागला!

मामा गाडीकडे वळून ओरडले, “उतरवा रे कापूस! मशीन शेठची न्हाई.”