पायाळूची उसण

पायाळू असण्याचा वैताग मला विचारा! तारापूरच्या अणुवीज प्लँटचं बांधकाम चालू होतं, मी तिथे कामाला होतो आणि जवळच्या घिवली या कोळ्यांच्या गावात भाड्याने राहायचो. आई भेटायला आली आणि घरमालकिणीला सांगून गेली, "हा पायाकडून जन्मला." झालं! पायाळूची लाथ बसली की उसण जाते म्हणे. जाळी ओढून कंबर धरलेला जो तो माझ्या दारात पालथा!

एकदा पाइप उचलताना मलाच उसण भरली. अंथरुणात कण्हतोय, तर मालकीण एकाला घेऊन हजर.

"मावशी, माझीच कंबर गेलीय हो!"

"पायाळूला उसण भरत नाय. लाथ मारायचा कंटाळा आलाय तुमाला!" तिने त्याला माझ्या पायाशी पालथं घातलं. "उठू नका, पडल्यापडल्याच मारा."

चिडून हाणली. तो ताठ चालत घरी गेला. मला हाणायला मात्र गावात दुसरा पायाळू नव्हता.