राजपुत्र – मुका

...आणि वर मलाच विचारतात, काका, तुमचा आवाज कुठे गेला? अहो, जाईल कुठे? तो नव्हताच! नव्हता म्हणून तर फिल्म चालली. तुम्हाला सांगतो, चाळीस वर्षांपूर्वी आम्ही सात मिनिटांची कार्टून फिल्म केली, एकेक चित्र हातानं रंगवलेलं, आणि तिच्यात सगळ्या परीकथांची सरमिसळ. लांडगा म्हातारा, दात पडलेले, सावत्र आई कामानं वैतागलेली, राजकन्या झोपलेली आणि राजपुत्र, म्हणजे मी, येऊन तिला उठवणार. आमच्याकडे आवाज आधी, चित्रं मागाहून, म्हणजे आपण बोलू तसे ते ओठ काढणार. तर दिग्दर्शकांनी शेवटच्या प्रसंगाचा कागद हातात दिला. माणूस हुशार, पण शब्दांच्या बाबतीत महाकंजूष. लिहिलं काय? 'लांडगा – जांभई. सावत्र आई – थयथयाट. राजपुत्र – मुका.'

आता तुम्हीच सांगा, काय वाचाल? मी वाचलं, राजपुत्र मुका आहे, बोलत नाही बिचारा. आणि त्यांना हवा होता गालावरचा मुका, च्यप् असा! मग तसं लिहा ना, 'घेतो' एवढं लिहायला हात दुखतो? लांडग्यानं जांभई दिली, सावत्र आईनं थयथयाट केला, आणि मी गप्प. अगदी जीव ओतून गप्प. शेजारच्या माइकवर राजकन्या डोळे मिटून थांबलीये, थांबलीये... आणि शेवटी वैतागून म्हणते, "अहो, उठवताय की जाताय? राहू दे, माझी मीच उठते."

दिग्दर्शक काचेमागून धावत आले. म्हटलं, आता मार खातो. तर ते हसून हसून खालीच बसले. म्हणाले, "हेच ठेवायचं." मग चित्रंही तशीच काढली, राजपुत्र ओठ मिटून उभा आणि राजकन्या आपली उठते, चपला घालते, लांडग्याच्या पाठीवर बसते आणि चालू पडते. थिएटरात लोक पोट धरून हसायचे. आयुष्यात माझं गाजलेलं काम एकच, ते म्हणजे अकरा सेकंद गप्प बसलो ते. म्हणूनच तुम्हाला सांगतो, आता मी गप्प बसणार नाही!

कारण? ती फिल्म आता नवी करतायत. धूळ काढली, रंग उजळले, चांगलंय. पण तिथली यंत्रावरची मुलगी मला कौतुकानं सांगते, "काका, इथे तुमचा आवाज उडाला होता. आम्ही जुना कागद शोधला आणि मुका भरला. नवा नट आणलाय, छान घेतो." घेतो? माझ्या जागेवर? अगं बाई, त्यानं मुका घेतल्यावर ती स्वतःहून उठेल कशाला? तिच्या वाक्याचं काय? तर म्हणते, "ते काढलं."

काढलं म्हणे. घरी येऊन राजकन्येला सांगितलं. हो, तिच्याशीच लग्न केलं मी, तुम्हाला सांगायचं राहिलं. ती भाजी चिरत होती, सुरी थांबली. म्हणाली, "सगळ्या कामांत तेवढं एकच वाक्य माझं स्वतःचं होतं हो." परत चिरायला लागली. मला फार लागलं ते. म्हटलं, मी गप्प बसणार नाही! आणि नाहीच बसलो. तीन आठवडे रोज जाऊन भांडलो. मोठ्या साहेबांच्या टेबलावर हात आपटून ओरडलो, "मला माझी शांतता परत द्या!" साहेब कान चोळत म्हणाले, "आधी आमची आम्हाला द्या."

पण ऐकलं! वाक्य परत आलं, मुका गेला, नवा नट घरी गेला. फक्त ती मुलगी म्हणाली, "काका, जुन्या आवाजात खरखर फार आहे. तेवढं नव्यानं गप्प बसाल?"

बसतो की. ऐटीत आत गेलो. पहिला टेक, "काका, श्वास ऐकू येतोय." दुसरा, "काका, घसा खाकरलात." तिसऱ्याला मीच विचारलं, बरं चाललंय ना? नऊ टेक झाले, अकरा सेकंद काही जमेनात. माझ्यासोबत आलेली राजकन्या काचेमागून म्हणाली, "पोरी, मी चाळीस वर्षं प्रयत्न केलाय."

शेवटी मुलगी हळूच म्हणाली, "काका, जरा बाहेर बसता?" मी बाहेर बसलो. तिनं रिकाम्या खोलीची शांतता घेतली. पहिल्याच टेकमध्ये आली. मला ऐकवली... आता काय सांगू, खोलीनं माझ्यापेक्षा बरं काम केलंय. पडद्यावर नाव मात्र माझंच आहे. खोलीला कोण विचारतंय.