थुंक, मम्मा

कोलोम्बा : बशा ठेव खाली. आधी सांग, मावशी, तू मला काय म्हणालीस?

रेस्तितुता : मी म्हणाले, की सशाचे हाड बारीक असते. सावकाश खावे.

कोलोम्बा : ते नंतर. हाड घशात अडकलं, मला श्वास येईना, तेव्हा. हातातला जग पायरीवर टाकून धावत आलीस, आणि अख्ख्या टेबलासमोर काय ओरडलीस?

रेस्तितुता : मला स्मरत नाही. तुझा घसा बरा आहे ना? थोडे पाणी घे.

कोलोम्बा : "थुंक, मम्मा, थुंक!" पाठीत गुद्दे घालत होतीस आणि ओरडत होतीस.

रेस्तितुता : मी घाबरले होते. भीतीच्या वेळी मनुष्य आपल्या आईचा धावा करतो.

कोलोम्बा : आणि मेलेल्या आजीला थुंकायला सांगतो?

रेस्तितुता : कोलोम्बा, बाहेर पाहुणे बसले आहेत. हे शोभत नाही.

कोलोम्बा : पाहुण्यांना काही कळलेलं नाही, घाबरू नकोस. माझी होणारी सासू बोलोन्याची, तिच्याकडे आई पोराला नावानं हाक मारते. पण आपल्या माणसांच्या हातातले काटे जागच्या जागी थांबले. या बेटावर आई पोराला मम्मा म्हणते, बाप पप्पा म्हणतो, मावशी मावशी म्हणते. हाक मारणारा आपलंच नातं पोराच्या गळ्यात घालतो. लग्न ठरलं तेव्हा ओरिआनोला हे समजावताना माझ्या नाकी नऊ आले होते. "म्हणजे बाप मुलाला बाबा म्हणतो? मग घोटाळा होत नाही?" मी छाती ठोकून सांगितलं, नाही, यात कधी कुणाचं चुकत नाही.

रेस्तितुता : आज माझे चुकले.

कोलोम्बा : चुकलं की खरं बाहेर पडलं?

रेस्तितुता : तो नळ सोड. मला भांडी विसळायची आहेत.

कोलोम्बा : नाही सोडत. बंदच राहू दे. आणि ही रेडिओवरची भाषा तेवढी बंद कर. मांजराशी बोलतेस ते आपल्या भाषेत. मासेवाल्याच्या सात पिढ्या उद्धारतेस त्या आपल्या भाषेत. मी दारात आले की तुझ्या तोंडात बातम्या सुरू. "तू भोजन केलेस काय? तुझे अध्ययन कसे चालले आहे?" सगळ्या गल्लीत माझी टिंगल व्हायची. मला वाटायचं, हिला मी आवडत नाही. लहानपणी रडायचे त्यावरून, माहितेय तुला?

रेस्तितुता : तू शिकावीस, अशी माझी इच्छा होती.

कोलोम्बा : खोटं.

रेस्तितुता : शुद्ध भाषा कानावर पडली, तर शाळेत—

कोलोम्बा : खोटं! साफ खोटं! चोवीस वर्षांत तू मला एकदाही "ये, मावशी" म्हणाली नाहीस. बाकी सगळ्या मावश्या म्हणतात. एकदा म्हण आत्ता. "जा बाहेर, मावशी." म्हण, आणि मी जाते. परत विचारणार नाही. देवाशप्पथ.

रेस्तितुता : जा बाहेर.

कोलोम्बा : पुढे?

रेस्तितुता : नाही गं येत तोंडातून! काय जीव घेतेस माझा? चोवीस वर्षं नाही आलं, ते आज कुठनं येईल?

(कांदिदा रिकामा ट्रे घेऊन आत येते आणि मागे दार लोटून घेते.)

कांदिदा : कॉफी कुठाय? तिकडे सगळे माझ्या तोंडाकडे बघतायत आणि इथे गप्पा चालल्यात. काय झालं, मम्मा? घसा दुखतोय अजून?

कोलोम्बा : घसा ठीक आहे, आई. मावशीला विचारत होते, ती मला काय म्हणाली ते.

कांदिदा : तिची जीभ घसरली. म्हातारी झालीय ती. चल, साखर घे.

कोलोम्बा : मग तू का पांढरी पडली होतीस? बाबांनी लगेच वाइन ओतायला का घेतली? ग्लास भरलेले होते.

कांदिदा : तुझ्या बाबांचं नको काढूस. तुझ्या सासूनं विचारलं, मावशीबाई काय म्हणाल्या? तर हे महाशय म्हणाले, गळ्याच्या संतांची प्रार्थना आहे, सान ब्याजोची! आता ती बाई हटूनच बसलीय, शिकवा म्हणते. तिच्या नवऱ्याला माशाचे काटे अडकतात.

कोलोम्बा : हसू नकोस, आई. हसायचं नाहीये मला.

कांदिदा : मी कुठे हसतेय? तिला काय शिकवू, ते सांग.

रेस्तितुता : कांदिदा, तिला कळलंय.

कांदिदा : तू गप्प बस! तुझं ऐकून इथवर आले मी. बोट सुटेपर्यंत तोंड बंद ठेवता आलं नाही तुला? एक दुपार! आज ही माणसं पहिल्यांदा घरी आली, आजच?

रेस्तितुता : ती निळी पडली होती. निळी, कांदिदा. ओठ असे झाले होते. मला काही सुचलं नाही. तोंडात होतं ते आलं.

कोलोम्बा : म्हणजे खरंय.

कांदिदा : खरं हे आहे की तुला गोवर आला तेव्हा रात्ररात्र उशाशी मी बसले. चर्चमधल्या पहिल्या कम्युनियनचा झगा मी शिवला. माझ्या मांडीवर तू वाढलीस. हे खरंय. बाकी कोण कुठल्या दवाखान्यात आडवी झाली होती, त्याला मी खरं म्हणत नाही.

कोलोम्बा : कुठल्या दवाखान्यात?

रेस्तितुता : नेपल्सला. आम्ही दोघी गेलो, गावात सांगितलं की कांदिदाचं बाळंतपण अवघड आहे. परत आलो तेव्हा तू हिच्या कडेवर. बोटीच्या फळीवरून उतरताना मी मागे होते, सामान घेऊन.

कोलोम्बा : आणि बाप?

रेस्तितुता : जहाजावर गेला, ते तिकडचाच झाला. त्याचं मला काही नाही. पत्ताही नाही. लग्नावाचूनची पोर म्हणून तुला गावानं जगू दिलं नसतं. त्या वेळी नसतंच दिलं.

कोलोम्बा : आणि ही शाळेची भाषा?

कांदिदा : ती माझी अट नव्हती. ते खापर माझ्यावर नको. मी म्हटलं, तू मावशी म्हण, सवय होईल.

रेस्तितुता : प्रयत्न केला गं. पाळण्याजवळ उभी राहून प्रयत्न केला. "नीज, मावशी." एकदाच म्हटलं आणि तोंड कडू झालं. आणि दुसरी हाक तर हिची होती, ती कशी घेऊ? मग मी त्या भाषेत शिरले जिथे हाकच लागत नाही. नुसतं नाव घेतलं की भागतं. चार इयत्ता शिकलेली बाई मी, रेडिओ ऐकून ऐकून वाक्यं पाठ केली. तुझी टिंगल व्हायची ते कळत होतं मला. पण तिथे खोटं तर बोलावं लागत नव्हतं.

कोलोम्बा : आणि मी समजत होते, तुला माझा तिटकारा आहे.

रेस्तितुता : समजू दिलं. ते सोपं होतं.

कांदिदा : झालं? मिळालं तुला हवं ते? आता जा, सांग जा सगळ्यांना. लग्नात चर्चमध्ये पुढच्या बाकावर हिला बसव. मी मागे बसते, सामान घेऊन.

कोलोम्बा : आई, असं नको बोलूस.

कांदिदा : मग कसं बोलू? पोटात नाही आलीस म्हणून काय मी चोर आहे? आं? सांग ना, मम्मा!

कोलोम्बा : कोण म्हणतंय चोर? तूच माझी आई. पुढच्या बाकावर तूच. यात काही बदललेलं नाही, आणि बाहेर कुणाला काही सांगायचंही नाही मला. ये इकडे. रडू नकोस, काजळ उतरतंय.

कांदिदा : उतरू दे. मेलं ते काजळ.

रेस्तितुता : कॉफी वर आली. बंद कर ती शेगडी कुणीतरी. बोट चारची आहे, लोक ताटकळले असतील.

कोलोम्बा : दे इकडे. मी नेते ट्रे.

रेस्तितुता : सावकाश जा. पायरी ओली आहे. मघाशी तिथे जग फुटला, काचाही असतील.

कोलोम्बा : कोणाला सांगतेस?

रेस्तितुता : तुला. कोलोम्बा, सावकाश जा.

कोलोम्बा : नाही जात. इथेच उभी राहते. सुटू दे बोट.

रेस्तितुता : हट्ट करू नकोस. कांदिदा, सांग ना हिला.

कोलोम्बा : आईकडे कशाला बघतेस?

रेस्तितुता : हाक तिची आहे. मी दिलीय तिला.

कांदिदा : अगं बाई, काय माझ्याकडे बघतेस? मघाशी टेबलापाशी विचारलं होतंस का मला? म्हण की. दार लोटलेलंय. कॉफी गार होतेय.

रेस्तितुता : एकदाच म्हणते. परत नाही.

कांदिदा : ते तुझं तू बघ. म्हण.

रेस्तितुता : पायरी ओली आहे, मम्मा. जपून उतर.