सहा अजगर आणि जन्माचा भात

शुक्रवारी दुपारी बारा वाजून पाच मिनिटांनी! मी म्हणते, अंड्यांना दुसरी वेळ नव्हती का हो? गल्लीतले सगळे बाप्ये मशिदीत, माझ्या तान्ह्या गालिहचा नुकता डोळा लागलेला, सासूबाई भात वैरतायत, आणि कोपऱ्यातल्या थर्माकोलच्या खोक्यात बघते तर काय, एक अंडं चिरलेलं, नि चिरेतून नाक! चवळीच्या दाण्याएवढं, ओलं, माझ्याकडे रोखलेलं!

हसू नका! भाजीवाला येईस्तोवर ऐका. तुम्ही वरच्या आळीतल्या, तुम्हाला काय ठाऊक? तुम्हाला सांगते, अजगर पाळायची हौस आमच्या ह्यांची, मास परियोनोंची, आणि मास कुठे? लांब सुराबाया शहरात, ट्रकवर! फोन लावला.

"मास, पिल्लं बाहेर येतायत!"

"येऊ देत. फक्त हात लावू नकोस."

"अहो, डोकं बाहेर आलंय, अंग आत अडकलंय, जरा ओढून..."

"लास्त्री! हात लावू नकोस! दिवस-दीड दिवस ती तशीच बसतात, आतला बलक पितात. ओढलंस तर मरतील." आणि ठेवला की फोन!

बसतात म्हणे! अहो, माझा गालिह झाला तेव्हा रडलाच नव्हता आधी. निळा पडला होता. तेव्हापासून मी त्याच्या नाकाखाली बोट धरून बघते, श्वास चालू आहे ना... आणि मला सांगतात, हात लावू नकोस!

संध्याकाळपर्यंत पाच नाकं आली. सहावं? बाहेर येई, आत जाई, बाहेर येई, आत जाई... आणि मग गप्प. नुसती चीर. मी चुलीपाशी बसून रडले. सासूबाई म्हणाल्या, "रडतेस काय? घरात जन्म झाला आणि जन्माचा भात वाटला नाही. पिल्लू रुसणारच!"

आता बोला! आणि वाटायचं काय, तर भात, खोबरं घातलेली भाजी नि उकडलेलं अंडं. म्हटलं, सासूबाई, पिल्लू अंड्यातून निघत नाही म्हणून आपण अंडी उकडायची? पण ऐकतायत कुठल्या! सकाळी घरोघर डबे गेलेसुद्धा.

आणि डबा गेला की आपल्यात विचारतं का कुणी, कुणाचा जन्म म्हणून? भात आला म्हणजे बाळ झालं! अर्ध्या तासात सगळी गल्ली दारात. शेजारची बू सुमिनाह बाळाचे कपडे धुवायची पावडर घेऊन, बू कार्ती टोपडं घेऊन.

"पोट दिसलंच नाही गं तुझं!"

"गालिह अजून रांगत नाही, आणि दुसरं?"

आणि मागून कुजबुज, "परियोनो तर पावसाळ्यापासून सुराबायात..." "हळू बोल, ऐकेल ती!" ऐकलं ना मी!

"मुलगा की मुलगी?"

सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "इतक्यात कळत नाही. सहा आहेत."

"सहा!!"

मी तोंड उघडेपर्यंत बू सुमिनाहनं खोक्याचं झाकण उचललेलं! "हात लावू नका!" मी ओरडले, पण कुणाला ऐकू जाणार? काय ती किंकाळी! पावडर जमिनीवर, टोपडं माझ्या डोक्यावर, आणि बू सुमिनाह, गुडघे दुखतात म्हणून मशिदीची पायरी चढत नाही ती, सरळ कुंपणापलीकडे!

आणि सहाव्या अंड्याची चीर... तशीच. मी खाली बसले आणि भोकाड पसरलं.

तर खिडकीत एकेक डोकं परत.

"रडू नकोस गं. दम लागला असेल त्याला."

"वारा लागतोय बाळाला, खिडकी लाव आधी!"

"तुम्ही डोकी काढा, मग लावते!"

"नाक दिसतंय का?"

"हात लावू नकोस हं," बू सुमिनाह म्हणते मला! मला!

मग बसल्या अंगणात. पोरांना दटावलं, कोंबडी हाकलली. आणि दुपार कलताना, बायांनो, पाचांमागून ते सहावंही सुळकन बाहेर आलं. सुतळीएवढं! मी न राहवून नाकाखाली बोट नेलं... तर मला जीभ काढून दाखवली हो त्यानं! अंगणात अशी आरोळी उठली, की गालिहसुद्धा खुदकन हसला.

संपलं वाटलं ना? मलाही वाटलं. तर बू सुमिनाह जाता जाता विचारते, "पस्तिसावा दिवस कधी? केस कापायचे ना?" आणि सासूबाईंनी दिवस सांगूनही टाकला! म्हटलं, सासूबाई, जावळ कुठून आणू मी सापाला? तर म्हणतात, "तोवर कात टाकतील की. तीच कापू!"

आला बघा भाजीवाला. तेवढं तुमच्या आळीत सांगा सगळ्यांना, या म्हणावं पस्तिसाव्या दिवशी, पोटभर जेवा... पण बाळाच्या मापाचं झबलं आणू नका हो. बाह्या रिकाम्या लोंबतात!